एका राजशब्दाचा मी लावलेला अर्थ

मला संस्कृत येतं, याचा मला आयुष्यभर फार माज होता. नागपूरच्या शाळेत एकवीस वर्षं मी ते शिकवलं. नवऱ्याच्या चिप बनवणाऱ्या कंपनीतल्या नोकरीमागून अमेरिकेत चँडलरला आले आणि तो माज ठेवायला जागाच उरली नाही. इथल्या मराठी शाळेत दर रविवारी पाच-सात मुलांना मी 'न' आणि 'ण' यांतला फरक सांगते आणि ती मला विचारतात, "काकू, डझ इट मॅटर?" तेव्हा कोणीतरी माझ्या संस्कृतला विचारावं म्हणून मी किती आसुसलेली होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

इथल्या उन्हाळ्यात चालायला जायचं तर सूर्याच्या आधी निघावं लागतं. मी नागपूरचा मे महिना काढलेली बाई, पण सातनंतर मीही हार मानते. चालून झालं की कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात कॉफी प्यायची, हा माझा नेम होता. दुकान एका कंबोडियन बाईचं. तिची ऐंशीच्या घरातली आई भिंतीकडच्या टेबलाशी बसून गुलाबी पुठ्ठ्यांचे खोके दुमडत असे. कानानं अधू, अंगानं मूठभर, पण बसणं असं ताठ की आपण आपोआप पदर सावरावा, आणि मी तर ट्रॅकपँटमध्ये.

एकदा रांगेत उभी असताना माझं चालतानाचं स्तोत्र अर्धवट राहिलं होतं, ते मी तिच्या टेबलाशीच उभी राहून जरा मोठ्यानंच म्हणत पूर्ण करत होते. म्हातारीनं खोका खाली ठेवला आणि मला हातानं बोलावलं. तुटक इंग्रजीत तिनं विचारलं, "तू राजांची भाषा कुठे शिकलीस?"

मला वाटलं, हिचं काहीतरी चुकतंय. पण चुकत नव्हतं. तिच्या ख्मेर भाषेत राजघराण्यातल्या माणसांशी आणि त्यांच्याविषयी बोलायचे शब्दच वेगळे. सामान्य माणसाला डोळा असतो, राजाला 'नेत'. सामान्याला पाय, राजाला 'बात', म्हणजे आपला पाद. या सगळ्या शब्दांना मिळून म्हणतात 'रीच्सप'. मी कागदी रुमालावर लिहून पाहिलं आणि मला भरून आलं, कारण तो सरळ आपला 'राजशब्द' होता. राजे लोक जेवत नाहीत, ते 'सोय' करतात. यावर मी इतकी हसले की काउंटरवरची गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. मग तिनं सांगितलं, की राज्य करण्यालाही तेच क्रियापद आहे, राजा राज्यसुद्धा 'सोय' करतो, म्हणजे खातोच. हे सांगताना तीही हसली. तिचे वरचे दोन दात नव्हते.

मी तिला मावशी म्हणू लागले. याचा अर्थ काय, असं तिनं विचारलं. आईची बहीण, असं मी सांगितल्यावर तिनं हातातला खोका उलगडून पुन्हा दुमडला. ती मला 'नेक्रू' म्हणे. त्यातला 'क्रू' म्हणजे गुरू, हे कळल्यावर मी दोन दिवस घरात तरंगत होते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे.

आमचा खेळ ठरलेला होता. ती एक शब्द द्यायची आणि मी त्यातलं संस्कृत शोधायची. सोंगक्रीम म्हणजे संग्राम. रोत-प्रोहार म्हणजे राष्ट्रप्रहार, सरकार उलथवणं. खेळता खेळता तिचं आयुष्य बाहेर येऊ लागलं, आणि शब्द ओळखून खूश होणाऱ्या मला लाज वाटू लागली.

मावशी राजघराण्यातली होती. पण ते घराणं इतकं पसरलेलं, की तिच्या म्हणण्याप्रमाणे राजधानीत दगड मारला तर एखाद्या राजपुत्राला लागावा. तिचे आजोबा कुठल्याशा राजाचे नातू. घरात सोनं-नाणं नव्हतं, होते ते फक्त हे शब्द. तिच्या आईशी सगळ्यांनी याच शब्दांत बोलायचं, आणि चुकलं तर आई काही न बोलता तोंड फिरवून बसायची. मावशी आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान बहीण, दोघी हे शब्द पाठ करत मोठ्या झाल्या.

मग सत्तर साल आलं. देशाचा प्रमुख असलेला राजपुत्र परदेशी गेला होता. मागे त्याचा पंतप्रधान सेनापती आणि त्याचा स्वतःचा एक चुलत भाऊ यांनी मिळून त्याला पदावरून काढलं. त्यानं परक्या देशातून रेडिओवर हाक दिली, की माझ्या लेकरांनो, जंगलात जा आणि लढा. ज्या जंगलातल्या बंडखोरांना तो काल मारत होता, त्यांच्याच बाजूनं लढा. घराणं मधोमध फाटलं. मावशीचा नवरा प्रांताच्या गावी शाळामास्तर होता, तो ती हाक ऐकून जंगलात गेला. धाकटीचा नवरा राजधानीत मंत्रालयात होता, तो नव्या सरकारात राहिला. काही महिन्यांत त्या सरकारनं राजेशाही मोडून प्रजासत्ताक आणलं, पदव्या रद्द केल्या. प्रजासत्ताकाला त्यांचा शब्द 'साथिआरणरोत'. यातला पहिला भाग म्हणजे आपलं 'साधारण'. मावशी बहिणीचा उल्लेख नेहमी 'ती साधारण बाई' असा करायची.

बहिणीशी ती पन्नासाहून अधिक वर्षं बोलली नव्हती. मला आधी वाटलं, दोघींचे नवरे दोन बाजूंना गेले म्हणून असेल. तसं नव्हतं. भांडण एका शब्दावरून होतं.

यादवीला दोन वर्षं झाली होती. रस्ते तुटलेले. आई राजधानीत धाकटीकडे होती, आजारी. एक दिवस पोस्टातून बोलावणं आलं, की राजधानीहून फोन आहे. मावशी धावत गेली. पलीकडून धाकटी म्हणाली, "आई स्लाप." स्लाप म्हणजे मेली. माणूस, कुत्रा, डास, सगळ्यांसाठी चालणारा शब्द. मावशीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं परत विचारलं. धाकटीनं तेच परत सांगितलं, आणि वर म्हणाली, "आता आपण सगळे साधारण आहोत, ताई." मावशीनं फोन ठेवून दिला.

हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडेही माणूस जातो, वारतो, निवर्ततो, त्याला देवाज्ञा होते. माझ्या आईबद्दल फोनवर कोणी 'मेली' म्हणालं असतं, तर मीही त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं. आईला कोणता शब्द हवा होता, असं मी विचारलं. मावशीनं सावकाश उच्चारला: 'सोय तिवोंगकोत.' मी रुमालावर लिहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तिवोंगकोत म्हणजे दिवंगत.

पुढचं तिनं थोडक्यात सांगितलं आणि मीही थोडक्यातच सांगते. राजधानी पडायच्या आधी धाकटी नवऱ्यासोबत विमानानं निघून गेली. मावशीच्या नवऱ्याला त्याच जंगलातल्या सोबत्यांनी मारलं. दोन मुलं भुकेनं गेली. उरलेल्या एका मुलीला घेऊन ती सीमेवरच्या छावणीत पोचली आणि तिथून अमेरिकेत आली. ती मुलगी म्हणजे डोनटच्या दुकानाची मालकीण.

मागच्या वर्षी मे महिन्यात मी कॉफी पीत बसले असताना दुकानाचा फोन वाजला. मुलगी आत भट्टीपाशी होती, म्हणून मी उचलला. मॅसॅच्युसेट्समधून धाकटीची नात बोलत होती. तिला ख्मेर येत नव्हतं, ती इंग्रजीत भरभर बोलत होती. आजीचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी काही आठवड्यांचं सांगितलंय, आजी घरीच आहे आणि तिला बहिणीशी एकदा बोलायचंय. मी फोनवर हात ठेवून मावशीच्या कानाशी हे सगळं सांगितलं. ती खोका दुमडत राहिली. मग म्हणाली, तुझा नंबर दे, दुकानाचा नको. मुलगी वर्षानुवर्षं बहिणीशी बोल म्हणून मागे लागली होती, आणि आपण वाकलो हे मुलीला कळू द्यायचं नव्हतं. मी माझा नंबर दिला.

त्यानंतर रोज मी विचारायची, "मावशी, आज लावू या का?" ती म्हणायची, विचार करते. मी चिडायची. एकदा तर स्पष्ट म्हणाले, की ती बिचारी तुमच्या विचाराची वाट बघत बसणार नाहीये. दोन आठवडे असे गेले. शेवटी एका गुरुवारी ती म्हणाली, रविवारी दुपारी दुकान बंद झालं, की तुझ्या घरी जाऊ. तिथून लाव. बहिणीला काय म्हणायचं हे तिनं ठरवलं होतं का, ते मी विचारलं नाही. मी घरी जाऊन गेस्टरूमची चादर बदलली. ती तिथे झोपणार नव्हती, तरी बदलली.

शनिवारी मी मराठी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाच्या तालमीला गेले होते. फोन पर्समध्ये बंद. घरी येऊन पाहिलं तर मॅसॅच्युसेट्सहून व्हॉइसमेल. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज ख्मेरमध्ये बोलत होता. शब्दाशब्दाला दम लागत होता, आवाज मधूनच रडवेला होत होता. मला एक अक्षर कळत नव्हतं. आणि मग तो शब्द आला, तिवोंगकोत. थोड्या वेळानं पुन्हा आला.

धाकटी गेली. घरातली कोणी वडीलधारी बाई कळवत होती, आणि मावशीला कळवायचं म्हणून अगदी योग्य शब्दात. हे सगळं मला एका क्षणात लख्ख कळलं. खरं सांगायचं, तर दुःखाच्या आतमध्ये, मला कळलं याचं एक बारीक समाधानही होतं. ते मला आजही छळतं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पण एकदा कॉल बॅक करून कन्फर्म कर ना. नातीला इंग्लिश येतं म्हणालीस ना तू?"

मी म्हणाले, "दिवंगतचा अर्थ तू मला शिकवू नकोस."

तो बिचारा गप्प बसला. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याला कधी गप्प बसायचं हे कळलंय, आणि त्या एका दिवशी ते कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

रविवारी दुकान बंद व्हायची वाट न पाहता मी सकाळीच गेले. मावशीनं नवा ब्लाउज घातला होता, निळा. केस चापून बसवलेले. मी तिच्या शेजारी बसून तिच्या कानाशी सांगितलं. निरोप ऐकायचा का, असंही विचारलं. ती म्हणाली, आता कशाला. मी म्हटलं, निदान नातीला फोन करते, दोन शब्द बोलते. ती नको म्हणाली. सात दिवस होऊ देत, मग विहारात जाऊ, मग मुलीला सांगू आणि फोनही करू. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मी दोन आठवडे उगाच घालवले, नेक्रू." मी तिला म्हणाले, की असं म्हणू नका, तुम्ही ठरवलं होतं, हे तिला वर कळलं असेल. असली वाक्यं मला फार सुचतात.

दुसऱ्या दिवसापासून ती पांढऱ्या कपड्यांत येऊ लागली. म्हाताऱ्या बायका व्रताच्या दिवशी पांढरं नेसतात, तसंच असेल असं समजून मुलीनं काही विचारलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. खोके दुमडणं चालू होतं. मी शेजारी बसून दुमडू लागले. माझे वाकडे व्हायचे आणि ती ते न बोलता उलगडून पुन्हा दुमडायची.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास मी घरी होते तेव्हा नातीचा फोन आला. मला वाटलं, अंत्यसंस्काराचं सांगत असेल. ती म्हणाली, आजी आज सकाळी गेली. मी म्हणाले, आज म्हणजे? ती म्हणाली, आज, तासा-दोन तासांपूर्वी. मग तिनं विचारलं, की शनिवारी आजीनं स्वतः फोन करून मेसेज ठेवला होता, तो तुमच्या मैत्रिणीला मिळाला का? कारण त्यानंतर आजीनं फोन उशीवरून हलवू दिला नाही. काल रात्रीपर्यंत विचारत होती, की वाजला का.

गाडीची किल्ली सापडत नव्हती, आणि नवऱ्यानं काही न विचारता मला दुकानापर्यंत सोडलं. वाटेत मी एकच आकडा मोजत होते. शनिवार ते बुधवार, चार दिवस. त्या दोघींचे चार दिवस मी खाल्ले होते.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी मावशीसमोर बसले आणि सांगितलं, की माझं चुकलं. ती शनिवारी गेली नव्हती. शनिवारी ती स्वतः बोलत होती. ती आज गेली. ती कानानं अधू असल्यामुळे मला हे मोठ्यानं सांगावं लागलं, दोनदा सांगावं लागलं, आणि तिची मुलगी पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

मावशी मला रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त हात पुढे केला. मी व्हॉइसमेल लावून फोन तिच्या चांगल्या कानाला धरला. तिनं तो दोनदा ऐकला. चेहरा हलला नाही, फक्त त्या शब्दाशी दोन्ही वेळा तिचे डोळे मिटले. मग तिनं मला अर्थ सांगितला, एकेक वाक्य, शाळेत सांगावं तसा.

धाकटी म्हणत होती, ताई, त्या दिवशी मी मंत्रालयातून फोन केला होता. चार माणसं ऐकत उभी होती. तुझा नवरा जंगलात आहे, हे त्यांना माहीत होतं. मी राजशब्द वापरला असता, तर आपण दोघी अजून राजाच्या बाजूच्या आहोत असं ठरलं असतं आणि संध्याकाळपर्यंत तुला उचललं असतं. म्हणून मी तसं बोलले. आज इथे कोणी ऐकत नाही. आज बरोबर सांगते. आपली आई दिवंगत झाली, ताई. आई दिवंगत झाली. आता तू मला फोन कर.

निरोप एवढाच होता. पन्नास वर्षं धाकटीनं जो शब्द जपून ठेवला होता, तोच मी तिच्या मरणाचा म्हणून ऐकला होता. मी रडू लागले आणि मला थांबता येईना. मुलगी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, तिच्या हाताचं पीठ माझ्या कुर्त्याला लागलं. मला वाटलं, हिनं तरी मला झिडकारावं.

मावशी म्हणाली, "तिला न्यायला आले का, विचार."

मी नातीला फोन लावला. अजून नेलं नव्हतं, फ्युनरल होमची माणसं तासाभरात येणार होती. मावशीनं मला पुढचं सांगितलं, आणि मी ते नातीला कसंबसं सांगितलं: फोन स्पीकरवर कर आणि तिच्या कानापाशी ठेव. नातीनं काही विचारलं नाही. उशीचा कापडी आवाज आला, दार लावल्याचा आवाज आला, मग तिकडून काहीच येईना.

मावशीनं फोन दोन्ही हातांत धरला आणि बोलायला लागली. आधी हळू, मग दुकानभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, बहिऱ्या माणसासारखं. मी प्रत्येक वाक्यात काहीतरी ओळखीचं शोधत होते, सवयच ती. पण एकही शब्द माझ्या हाती लागला नाही. तिच्या मुलीनं मला नंतर सांगितलं, की ती सगळी लहानपणची भाषा होती, दोन मुली अंगणात बोलतात तसली, अगं-तुगंची. शिव्याही होत्या. कोणाचा तरी एक झगा फाटला होता आणि तो कोणी फाडला, याचा वाद होता. मध्ये एकदा मावशी हसली, आणि थांबली, समोरून उत्तर यावं इतका वेळ थांबली.

पाऊण तास झाला असेल. तिकडून दार उघडल्याचा आवाज आला, पावलं आली आणि नात फोनवर आली. ती मला इंग्रजीत म्हणाली, की ते आलेत, आता तिला न्यायचंय.

मी मावशीच्या कानाशी वाकून सांगितलं. तिनं ऐकलं, फोन सोडला नाही. "त्यांना बाहेर बसव," ती म्हणाली. "आमचं झालेलं नाही."